रहेमतुल्ला गार्डचा प्रश्न

"पाय उचला! उचला म्हणते ना... अहो, दोन्ही नका उचलू, पडाल!"

शंतनुशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. एप्रिलच्या उन्हात तो आमच्या सांडग्यांच्या मधोमध उभा होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वही आणि बुटाखाली माझी सकाळभराची मेहनत.

"माफ करा... मी स्टेशन शोधत होतो."

"त्याच्यावरच उभे आहात."

खरंच होतं ते. बोरपिंपळच्या स्टेशनाचा आता एवढा दगडी फलाटच उरलाय. कापसाच्या गाठी न्यायला जंक्शनवरून आलेली एकवीस किलोमीटरची ती लाइन मी जन्मायच्या आधीच बंद पडली. रूळ उचलून नेले, इमारतीच्या विटा हळूहळू लोकांच्या घरांना लागल्या आणि फलाटावर अख्ख्या गावाची वाळवणं आली. ऊन तिथे छान लागतं.

शंतनु मेहकरचा, जानेफळच्या शाळेत इतिहास शिकवायचा. बंद पडलेल्या या लाइनीच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडून रेकॉर्ड करून ठेवायच्या, हा त्याचा रविवारचा उद्योग.

"ते ठीक, पण माझ्या सांडग्यांचं काय?"

"मी नवे घालून देतो."

"येतात?"

"नाही... पण कोणी शिकवलं तर..."

असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली नेली. कान मात्र लाल झाले. मला हसू आलं. मी ग्रामपंचायतीत संगणक चालवते, दिवसभर भांडखोर माणसांशी गाठ असते. लाजणारा पुरुष पाहायची सवय नव्हती.

पुढच्या रविवारी तो आला आणि खरोखर मांडी घालून बसला. सांडगे वेडेवाकडे झाले, पण घातले. मग मी त्याला घरोघर फिरवलं. हमालांची मुलं, चहावाल्याची सून, रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंट्समन. त्याच्या शेजारी बसून ऐकताना मोबाइल धरलेला त्याचा हात माझ्या हाताला लागायचा आणि आम्ही दोघं एकदमच सरकून बसायचो. मला तो आवडत होता. कडुनिंबाच्या सावलीत येऊन तो म्हणायचा, "रेवती, एक विचारायचं होतं..."

माझा श्वास अडकायचा.

"...गाडी दुपारी किती वाजता यायची?"

दीड वाजता. हे मी त्याला चार रविवारी चारदा सांगितलं.

इकडे घरात वेगळीच गाडी सुटायच्या तयारीत होती. माझे बाबा, सुधाकरराव, तहसीलमध्ये कारकून. त्यांनी जालन्याचं स्थळ आणलं. मुलगा हरिओम, पुण्यात नोकरी. पाहून गेले, पसंती कळवली आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी चार वाजता सुपारी फोडायची ठरली. मी नाही म्हणाले नाही. नाही म्हणायला हातात काहीतरी लागतं ना? माझ्या हातात होता गाडीची वेळ विचारणारा एक मास्तर.

त्याच रविवारी सकाळी आम्ही सिंधूताईंकडे गेलो. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, आता पंचाहत्तरीला टेकलेली. वाटेत फलाट ओलांडताना मी शंतनुला एका दमात सांगून टाकलं, "आज चार वाजता माझी सुपारी आहे."

तो थांबला. वही एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"अभिनंदन," म्हणाला.

मला त्याला फलाटावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

सिंधूताईंना मात्र आमच्या तोंडांचं काही पडलेलं नव्हतं. त्या रंगात आल्या होत्या.

"रहेमतुल्ला गार्डची एक रीत व्हती. नवरी सासरी चालली का तो डब्यापाशी यायचा, झेंडी बगलेत धरून. अन् इचारायचा, 'बेटी, गाडी सोडू का?' नवरीनं हाव म्हटल्याबिगर हिरवी झेंडी नाही."

"काऊन पण?" मी विचारलं.

"लोकं हासत त्याले. तो म्हने, 'आमच्यात निकाहाले पोरीले इचारतात. तुमच्यात कोनीच इचारत नाही, मंग मी इचारतो.' बाकीच्या रडत रडत मान हालवत. मी म्हटलं, नको सोडू!"

शंतनुने मोबाइल जरा पुढे सरकवला. "मग?"

"मंग काय, गाडी उभी! बाप लाल झाला, स्टेशनमास्तर घड्याळ पाह्यत व्हता. रहेमतुल्ला म्हने, 'पोरगी बोलून राह्यली, आइका.' मी नवऱ्याले खाली बलावलं. म्हटलं, मले मॅट्रिक करू देसान का? पुऱ्या डब्यासमोर हाव म्हनला तो. मंग म्हटलं, सोडा आता."

"आणि त्यांनी विचारलंच नसतं तर?" शंतनुने वही मिटत विचारलं.

"तं रडत रडत गेली असती. अन् लोकं म्हनले असते, नवरी लय गुनाची!"

मी उठले. शंतनुही उठला. दारात त्याने बूट चढवले. "साडेचारची एसटी आहे माझी," एवढंच बोलला. "हा शेवटचाच रविवार. आता कोणी राहिलं नाही."

चार वाजता आमच्या बैठकीत बारा माणसं होती. पाटावर सुपारी, शेजारी अडकित्ता. मी आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. 

हरिओमचे मामा म्हणाले, "मुलीची पसंती आहे ना?"

"हो हो!" बाबा हसले. "तिले काय इचारायचं!"

ट्रे मी जमिनीवर ठेवला.

"बाबा, विचारा."

"काय?"

"मलाच. सगळ्यांसमोर विचारा."

 बाबांचा चेहरा मी कधीच असा पाहिला नव्हता. राग होता, त्याहून जास्त भीती होती. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "रेवती... फोडू का सुपारी?"

"नको, बाबा."

मामा उठले, चपला शोधू लागले. बायका कुजबुजल्या. हरिओम तेवढा माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "बरं झालं. मलाही कोणी विचारलं नव्हतं." भला मुलगा. त्याचं चांगलंच होवो.

घर रिकामं झाल्यावर बाबा खुर्चीत बसले. "बारा लोकायसमोर मान खाली गेली माही... कोन हाय तो?"

"त्यानं अजून मला काही विचारलंच नाही, बाबा."

"मंग कोनाच्या भरवशावर नाही म्हनली तू?"

"माझ्या."

त्यांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुही आई असती तं मले तिनंच आधी झापलं असतं." त्यांनी डोळे पुसले आणि मी घराबाहेर पडले. पाच वाजून गेले होते. एसटी गेली असणार हे माहीत होतं, तरी पाय फलाटाकडे वळले.

तो तिथेच बसला होता.

"एसटी?"

"गेली... मी चढलो नाही." तो उभा राहिला. "बाकीच्या आठवणी तिसऱ्याच रविवारी संपल्या होत्या, रेवती. सिंधूताईंचं नाव मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. शेवटचं म्हणून राखून ठेवलं. यायला काहीतरी कारण हवं होतं."

"मंग बोलला काऊन नाही?" मी ओरडलेच.  "मी आज एकटी उभी होते तिथे! एकटी!"

"भीती वाटली. विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर..."

"तर नाही म्हणाले असते! पण विचारायचं असतं, शंतनु."

त्याने मान खाली घातली. मग वर केली, आणि या वेळी नजर हलवली नाही.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. घरी बोलायला वेळ लागेल, तुझ्या बाबांचे बोलही खावे लागतील, ते मी खाईन. लग्न करशील माझ्याशी?"

मागे सायकल करकरली. वळून पाहिलं तर बाबा. माझ्यामागोमाग आले होते. एक पाय जमिनीवर टेकवून उभे होते. मध्ये पडले नाहीत. उत्तराची वाट पाहत होते, तेही.

"हाव," मी म्हटलं. दोघांनाही नीट ऐकू जावं एवढ्या मोठ्याने.