शेवटची तीन पानं

कॉफी घ्या आपापली, आणि तो दरवाजा ओढून घ्या. बाहेर वारा सुटलाय. बंब धुऊन झाला, पाइप गुंडाळून झाले, तरी घरी जायची कुणाला घाई दिसत नाही. गोष्ट हवीय ना? सांगतो. पण एक अट आहे. मधे कुणी "मग?" म्हणायचं नाही. हुंकार द्या, खोका, झोप आली तर झोपा. "मग?" मात्र नाही. कोल्बी, दात काढू नकोस. अट का घातली ते तुलाच कळेल.

ही ऐकीव गोष्ट नाही. ट्रिना वेस्कॉटला तुम्ही सगळे ओळखता. शाळेत तिसरीला शिकवते, ओमाहाहून येऊन तिला चौथं वर्ष लागलं. बाई हुशार, त्यात वाद नाही. पण नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि जिभेला हाड नाही. तिच्यावर काय गुदरलं ते तिनेच मला सांगितलं, आणि शेवटचा भाग मी या डोळ्यांनी पाहिला.

आज बरोबर एक वर्ष झालं. ऑक्टोबरची तीस तारीख, गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. दुसऱ्या दिवशी हॅलोविन. ट्रिना शाळेत परत गेली ती अगदी साध्या कामाला. वर्गात एक भोपळा कमी पडत होता.

खरा भोपळा नव्हे. आपल्या शाळेत भुतंखेतं आणि चेटकिणी बंद होऊन किती वर्षं झाली. दोन-चार आयांनी तक्रार केली, पोरं रात्री दचकून उठतात म्हणे. तेव्हापासून हॅलोविन करायचा तर पुस्तकाला धरून. पोशाख गोष्टीतल्या कुणाचा तरी, आणि काखेत ती गोष्ट. भूत नको म्हणून पुस्तकं आणली! ट्रिनाने गेल्या वर्षी पुस्तकांचेच भोपळे करायला काढले. जुनं जाड पुस्तक घ्यायचं, त्याचं कव्हर फाडून टाकायचं. अर्ध्या भोपळ्याचा साचा पानावर ठेवून पेन्सिल फिरवायची, आणि चार-चार पानं धरून कापत जायचं. मग पानं गोल फिरवून शेवटचं पान पहिल्या पानाला चिकटवायचं. वरून नारिंगी रंगाचा फवारा, आणि देठाला काटकी. दिसतो छान, खोटं कशाला बोलू.

मुलं बावीस, आणि रद्दीत निघालेली पुस्तकं एकवीस. ब्रिन नावाची एक पोर तापाने घरी होती, तिचा भोपळा राहिला. उद्या सगळ्यांच्या टेबलावर भोपळे आणि तिच्यापुढे काहीच नाही, असं नको, म्हणून ट्रिना आली होती. मुलांवर तिचा जीव आहे, हे मी नाकारत नाही.

तिने आपल्या टेबलामागच्या फळीवरून एक जाड निळं पुस्तक काढलं.

"ते नको, बाई."

दारात एल्डन उभा होता, हातात फरशी पुसायचा दांडा. चाळीस वर्षं त्या शाळेची साफसफाई केलीय त्याने.

"का? सोन्याचं आहे?"

"कर्टिसचं आहे. आयरीन बोल्टमनच्या मुलाचं. आतली चिठ्ठी वाचा."

चिठ्ठी ट्रिनाने आधीच वाचली होती. कव्हरच्या आत चिकटवलेली, 'कर्टिसच्या आठवणीसाठी, १९७८ ते १९८७'. तुमच्यातल्या कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून सांगतो. कर्टिस तिसरीत होता. ऑक्टोबरात त्याने शाळेच्या वाचनालयातून ते पुस्तक नेलं, ते नेलं थेट इस्पितळातच. तळ्याखाली गाव बुडालेलं असतं, आणि एक मुलगा त्या गावाची घंटा शोधायला निघतो, अशी गोष्ट. आयरीन रोज रात्री थोडी वाचून दाखवायची. हॅलोविनच्या रात्री ती एकशे अठराव्या पानावर थांबली. पोरगं म्हणालं, "मग?" ती म्हणाली, "उद्या." आणि त्या पोराला उद्या काही दिसला नाही.

पुस्तक तिने शाळेला परत दिलं, पण पुढच्या हॅलोविनला स्वतः आली, तिसरीच्या वर्गात बसली आणि पुढची तीन पानं वाचली. तेव्हापासून दरवर्षी तीन पानं. एकही जास्त नाही, आणि पुढचं पान कधी चाळून बघितलं नाही. सदतीस वर्षं! आपल्यातल्या निम्म्यांनी ती गोष्ट तीन पानांपुरती ऐकलीय.

ट्रिनाला ते खपत नव्हतं. दोनदा ती दात-ओठ खात बसली होती. तिचं म्हणणं मला तिनेच सांगितलं, "मी वर्गातून भुतं हाकलायची, आणि ही म्हातारी दरवर्षी एक बोटाला धरून आणणार."

एल्डन म्हणाला, "उद्या संपतंय ते. शेवटची तीन पानं राहिलीत. एवढी उद्याची सकाळ जाऊ द्या."

"एल्डन, तुम्ही फरशी बघा. पुस्तकांचं मी बघते."

"बघा बाई. पण उद्या आयरीनला तोंड मी नाही दाखवणार."

"नका दाखवू. रजा घ्या. फरशी काही रडणार नाही."

त्याने दांडा उचलला आणि गेला. साडेआठला त्याची गाडी निघाल्याचं तिने ऐकलं. शाळेत आता ती एकटी.

तिने कव्हर फाडून टोपलीत टाकलं आणि कापायला बसली. कागद जुना, मऊ, कात्री सुरेख चालत होती. मनात रागही होता, आणि रागात माणसाचे हात भरभर चालतात. पहिल्या पानाला शेवटचं पान चिकटवलं, मागच्या दाराबाहेर नेऊन फवारा मारला, देठ खोचला. हातावर सगळा नारिंगी रंग. वर्गात येऊन तिने भोपळा वाळत ठेवला. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं.

टेबलावर बावीस भोपळे. पुरे झाले.

तिने कोट घेतला. तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्याच्या पार टोकाला दिवा लागला.

ते दिवे कसे आहेत, माहितीय ना? खालून कुणी गेलं की आपोआप लागतात. कुणी हललं नाही की विझतात. तिला वाटलं, एल्डन परत आला.

"काय विसरलात आता?"

दुसरा दिवा लागला. मग तिसरा. शिशुवर्गापुढचा... पहिलीपुढचा... दुसरीपुढचा.

पावलं ऐकू येत नव्हती. दारातून लांबवर फरशी दिसत होती, एल्डनने नुकतीच पुसलेली, ओली. तिच्यावर कुणी नव्हतं.

तिच्या दारापुढचा दिवा लागला.

तिची पाचावर धारण बसली. दाराशेजारी आगीच्या घंटेचा लाल खटका आहे. तो तिने ओढला. आपल्याकडे निरोप आला नऊ वाजून अकरा मिनिटांनी, नोंद आहे. शाळेत कर्णा कोकलत होता, अर्ध्या गावाने ऐकला. तिने नाही ऐकला. ती शपथेवर सांगते, वर्गात एवढी शांतता होती की रंग वाळताना पानं तडकत होती, ते ऐकू येत होतं.

आणि मागून, गोष्टीच्या सतरंजीवरून, कुणीतरी म्हणालं...

"मग?"

लहान मुलाचा आवाज. घसा कोरडा. आणि चिडका... फार चिडका.

ती वळली. सतरंजीवर कुणी नव्हतं. दाराकडे एक पाऊल टाकावं, तर पाय उचलेना.

"मग?"

"कोण... कोण आहे?"

"मग?"

ती हलत नव्हती, म्हणून वर्गातले दिवे विझले. व्हरांड्यातला उजेड तेवढा टेबलावर पडला होता, त्या शेवटच्या भोपळ्यावर. तिला कळलं. सांगावं लागलं नाही.

भोपळा घेऊन ती सतरंजीवर बसली. शेवटची पानं उघडली. आता बघा, साचा कसा असतो. मधे फुगीर, वर आणि खाली निमुळता. म्हणून मधल्या ओळी जवळजवळ अख्ख्या राहतात, आणि पानाच्या तळाच्या ओळींचे दोन शब्द उरतात.

तिने वाचलं, "मुलगा तळ्याच्या काठावर आला. पाणी पार खाली गेलं होतं, आणि चिखलात त्याला..."

"मग?"

"त्याने दोर धरला आणि..."

"मग?"

"घंटेच्या आत..."

"मग?"

पुढे काही नव्हतं. पुढे कात्री होती. उलटायला पान नव्हतं. ते पहिल्या पानाला चिकटलेलं. तिने नखं घातली. सुटेना. शेवटी तिने आपल्या पदरचं सांगितलं.

"घंटा वाजली. सगळे घरी गेले. संपली गोष्ट."



सुटले, असं तिला वाटलं.

तिच्या कानाशी गार वारं लागलं... आणि अगदी कानात...

"मग?"

आम्ही पोचलो तेव्हा नऊ बावीस झाले होते. मी पुढे होतो. व्हरांडा अंधारात, माझ्या पावलांबरोबर दिवे लागत गेले. वर्गात ती सतरंजीवर बसलेली, नखं तुटलेली, बोटांना रंग आणि रक्त. कर्णा बंद केला तरी ती वाचतच होती. त्याच तीन ओळी. मी तिला हात लावला तेव्हा म्हणाली, "मर्ल, पानं सुटत नाहीत हो. शेवट आत आहे, आणि सुटत नाही."

मला तिचा राग आला होता, एल्डनने वाटेत फोनवर सगळं सांगितलं होतं. पण त्या क्षणी दया आली. अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

सकाळी दहाला आयरीन आली, ठेवणीतला कोट घालून. ट्रिनाने तिच्यापुढे भोपळा ठेवला आणि सांगून टाकलं, काही लपवलं नाही. शेवटी विचारलं, "तुम्हाला तरी माहीत असेल ना, काय होतं शेवटी?"

"मी वाचलाच नाही," आयरीन म्हणाली. "त्याच्याआधी कसा वाचू?"

"मी दुसरी प्रत मागवते. आजच."

"शोध. मला शिव्या देता येत नाहीत, नाहीतर दिल्या असत्या. मी अडतीस वर्षं त्याला 'उद्या' सांगितलं. आता तू सांग."

भोपळ्याला तिने हातही लावला नाही. फेब्रुवारीत ती गेली.

ट्रिनाने वर्षभर दुसरी प्रत शोधली. पंधरा गावांची वाचनालयं, जुन्या पुस्तकांची दुकानं, अमक्याचा माळा, तमक्याचं तळघर. कुठल्याशा लहान छापखान्यात छापलेलं पुस्तक, तो छापखाना केव्हाच बुडाला. एकही प्रत निघाली नाही. आत्ता येताना तिच्या घरावरून आलो. सगळे दिवे लावून बसलीय. आत जाऊन काय बोलणार?

आता हे बघा. त्या रात्री टोपलीतलं फाडलेलं कव्हर मी उचललं होतं, आयरीनला द्यावं म्हणून. तिने घेतलं नाही. घरी गेल्यावर कव्हरच्या आत मागे चिकटवलेल्या खिशातलं कार्ड बाहेर काढलं. पूर्वी पुस्तक नेताना नाव लिहायचे, ते कार्ड. शेवटचं नाव कर्टिस बोल्टमन, ऑक्टोबर १९८७. एल्डनने ते कार्ड शंभरदा पाहिलंय, त्याखाली कोरं होतं म्हणतो.

त्याखाली ट्रिना वेस्कॉट लिहिलंय. पेन्सिलीने. तिसरीतल्या पोराचं अक्षर, ओळीखाली घसरलेलं. आणि पुढे जांभळा शिक्का, पुस्तक परत करायच्या तारखेचा. तो शिक्का एल्डनने स्वतः कचऱ्यात टाकला, कारण त्याच्या चाकावरचं साल नव्व्याण्णवच्या पुढे फिरतच नव्हतं.

कोल्बी, धर. दिव्याखाली ने. तारीख वाच... मोठ्याने नको.

हो. उद्याचीच.