स्वादरोधक

मंगळाहून परतणाऱ्या ‘अरुंधती’ यानाचे शीतकोठार बंद पडले आणि निम्मे अन्न नासले. स्वतःसकट यानावरच्या तिघांनाही जिवंत घरी पोचवायचेच, असे डॉ. शर्वाणी तळवलकरांनी तिथेच ठरवून टाकले.

“उरलेलं पुरेल, पण भुकेपुरतंच,” त्या म्हणाल्या. “मोठी माणसं भुकेसाठी जेवतात कुठं? पोट भरल्यावरही जिलबी आत जाते, ती मेंदूच्या सुखासाठी. ते सुखाचं केंद्र आपण झोपवू.”

“म्हंजे माझा तांबडा रस्सा गेला,” कप्तान अन्वर मुजावर म्हणाले. “पण भूक लागंल न्हवं?”

“ती शरीराची. तिला हात लावत नाही.”

तिघांच्याही कानामागे ते केंद्र झोपवणारे स्वादरोधक बसले. ताटे अर्ध्यावर आली, कुरकुर कुणाचीच नाही. बाई स्वतःवर खूश होत्या. मग यंत्रज्ञ हेरंब ओक जेवायलाच येईना. भूकच लागत नाही म्हणे.

त्याचे रक्त तपासल्यावर बाईंना आपली चूक कळली. चवीच्या ओढीने आपण वेळेवर जेवतो, म्हणून शरीर त्या वेळी भुकेचा रस सोडायला शिकते. ओढ गेली आणि शरीर ते शिकलेलेही विसरले.

“मग काढा की हे,” अन्वर म्हणाले.

“काढलं तर अन्न पुरणार नाही. राहू दे. आजपासून मी वाढणार.”

अंतराळपोशाखाला पदर नसतो, नाहीतर त्यांनी तो खोचलाच असता. “हेरंब, दोन घास आणखी. माझी शपथ आहे.” अन्न मातीसारखे लागे, पण शपथ घातल्यावर ताटावरून उठायचे कसे? हेरंब आणि अन्वर, दोघांची वजने सावरली.

“तुम्ही?” हेरंब विचारी.

“मी मागून बसते. तुम्ही आटपा.”

घरोघरी आया असेच म्हणत आलेल्या, त्यामुळे पुढे कुणी विचारले नाही.

पृथ्वी खिडकीत मावेनाशी झाली तेव्हा अन्वर कोठारातून आले. “डॉक्टरीणबाई, हिशेब चुकला तुमचा. बरंच उरलंय.”

बाईंनी आकडे पाहिले. गेल्या काही आठवड्यांचा जवळजवळ एका माणसाचा वाटा होता. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. रोज मागून बसणारच होत्या, पण आठवण करायला भूक नव्हती आणि शपथ घालायला कुणी नव्हते. त्या उठू गेल्या आणि खुर्चीतच कोसळल्या. सैल पोशाखात आता हाडेच उरली होती.

अन्वरनी ताट वाढून पुढ्यात ठेवले. “खावा.”

“मला भूक नाही हो.”

“आमाला तरी कुठं हुती?” म्हणत त्यांनी पहिला घास उचलून बाईंच्या तोंडाशी नेला.