भिंतीकडची बाजू

या, असे जवळ सरकून बसा. पूर्वरंग लांबवत नाही. या गोष्टीत चोर सापडेल, पण त्याच्यावर हात उगारायची इच्छा कोणालाच होणार नाही.

गल्लीतल्या एका घरची सूनबाई काखेत हेल्मेट घेऊन मावशींच्या दारात उभी राहिली. कोपर खरचटलेलं, डोळ्यांत ठिणगी. मावशी खासगी तपास करीत. सोबतीला त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, भाऊजी. अंगाने भक्कम, डोक्याने निवांत.

"माझी मोटारसायकल कोणीतरी बिघडवलीय," सूनबाई म्हणाली. "वेग घेतला की मागचं चाक शेपटीसारखं डोलतं. काल वळणावर आडवी झाले. उद्या क्लबचा लांबचा प्रवास आहे, सगळ्यांच्या पुढे मी असणार होते. कप्तान म्हणतो, रांगेत शेवटी राहा. मी नाही राहणार!"

"नकोच राहू. गाडी कुठे असते?"

गाडी सूनबाईच्या घराच्या बोळात होती. उजवी बाजू भिंतीला इतकी खेटलेली की मधे हात शिरेना. डावीकडे स्टँड, चेन आणि चालायपुरती वाट.

दारातल्या खुर्चीत सासरे चिंधीला बोटं पुसत बसले होते.

"विकून टाका ते धूड!" ते गरजले. "जन्मभर पिठाची गिरणी चालवली, एक पट्टा तुटू दिला नाही. ही मात्र कुठेतरी आडरानात अडकून पडणार!"

"विकणार नाही, बाबा."

"माहितीय!"

गाडी ढकलत गॅरेजात नेली. मिस्त्री फुरंगटला होता.

"टायर मी बदलला. दोन्हीकडच्या खुणा जुळवूनच चाक बसवलं. त्यानंतर ही मजेत फिरून आली. आता क्लबात माझ्या नावाने शिमगा चाललाय. मी हात लावणार नाही, नाहीतर म्हणाल पुरावा पुसला!"

मावशींनीच मागचं चाक हलवून पाहिलं. बेअरिंगला खेळ नव्हता. हवा बरोबर होती. मग त्या वाकल्या. चाकाच्या दोन्ही बाजूंना चेन ताणायचा एकेक स्क्रू होता. डाव्या स्क्रूचे आटे नुकते फिरवल्यासारखे चकचकीत होते. उजव्यावर धूळ जशीच्या तशी होती.

इतक्यात कप्तान आला. "सामान जास्त लादते, आणि दोष गाडीला!"

"रिकामी असतानाही डोलते," सूनबाई कडाडली.

"गाड्या क्लबात कुठे लावता?" मावशींनी विचारलं.

"मैदानात, मोकळ्यावर."

भाऊजी कुजबुजले, "ताई, हाच! चेहऱ्यावर लिहिलंय."

"भाऊजी, चेहऱ्यावर नुसती मिशी आहे. सगळ्यांना बोळात बोलवा."

बोळात मावशी गाडीच्या जागी उभ्या राहिल्या.

"चेन एकाच बाजूने ताणली, म्हणून चाक तिरकं बसलं आणि गाडीची शेपूट डोलायला लागली. मिस्त्री दोन्ही खुणा बघतो. मैदानात कप्तानाला दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. हात एकाच बाजूला पोचेल अशी जागा हीच. आणि गिरणीचा पट्टा एकाच स्क्रूने ताणतात, ती सवय कुणाची? गिरणीवाल्याची. बाबा, बोटांचं ग्रीस निघालं का?"

सासरे उठून उभे राहिले. मान ताठ.

"हो, मी! मिस्त्रीला बोल लावू नका. चेन लोंबत होती. वाटेत तुटली असती तर?"

"बाबा, तुम्ही तर विक म्हणता!" सूनबाई म्हणाली.

"म्हणतो. तू ऐकतेस कधी? ऐकत नाहीस म्हणूनच ताणली."

सूनबाईने तोंड फिरवलं. भाऊजी उगाच चष्मा पुसू लागले.

मिस्त्रीने दोन्ही खुणा जुळवल्या. सूनबाईने मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट नेली. दोरी ताणून रेघ मारावी तशी गाडी सरळ गेली.

"तरीपण उद्या शेवटीच..." कप्तान पुटपुटला.

"पुढे मीच आहे," ती म्हणाली. "मागे यायचं तर या, नाहीतर घरी बसा."

सकाळी ती निघाली तेव्हा सासरे दारातून ओरडत होते, "विकून टाक!" आणि तिला वळता यावं म्हणून दारातली आपली खुर्ची बाजूला ओढत होते.

तुमची गाडी कधी लांबच्या रस्त्यावर सरळ धावली, तर तेवढी त्या म्हाताऱ्याची आठवण काढा.