आर्नेची राहिलेली रात्र

पडद्याचा आवाज होता तो. दोरीवर ओली चादर फडफडते ना, तसा. बारा-तेरा वर्षं झाली, पण अजून कानात आहे. नोव्हेंबरची सकाळ, बोटं गोठवणारी थंडी, आणि किनाऱ्याच्या रस्त्याने एक व्हॅन येत होती. तिची बाजूची खिडकी सताड उघडी. पडदा बाहेर येऊन फडफडत होता.

लासे, चुलीत एक ओंडका टाक. फिन्या, तू इकडे सरक, दाराशी वारा लागतो. सांगतो.

ही गोष्ट डेटलेफची. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. माझ्याबरोबर होडीवर होता, कितीतरी वर्षं आम्ही एकत्र जाळी ओढली. त्यानेच मला हे सांगितलं. आणि डेटलेफला खोटं बोलता येत नसे. पत्त्यांत रोज हरायचा तो त्यामुळेच.

आदल्या दिवशी, शनिवारी, त्याचा फोन आला होता. म्हणाला, ल्युबेकला पोचलोय, उद्या घरी येतो. सकाळी माझ्या घरात चूल पेटवून ठेवशील का? विबकेला गार घरात पाय ठेवायला नको.

म्हणून मी गेलो. मृतांचा रविवार होता. सगळं गाव कबरींवर फुलं ठेवायला गेलेलं. मी चूल पेटवली, पाव ठेवला, झोपायच्या खोलीत डोकावलो. भिंतींना नवा रंग. नवा रुंद पलंग. आणि पलंगावर एकच मोठी दुलई. मला हसू आलं. आपल्याकडे नवरा-बायको एका पलंगावर झोपतात, पण दुलई ज्याची त्याची. माझी एल्के चाळीस वर्षं स्वतःच्या दुलईत झोपली, देव तिचं भलं करो. डेटलेफने मात्र दोघांना मिळून एक आणली होती.

विबके ही आर्नेची विधवा. आर्ने जाऊन तीन वर्षं झाली होती. डेटलेफ जन्मभर एकटा, साठीला आल्यावर तिच्यात गुंतला. ती म्हणाली होती, आधी माझ्या व्हॅनमधून एक लांबचा प्रवास करू. परत आलो की तुझ्या घरी राहायला येते. त्या एका शब्दावर त्याने भिंती रंगवल्या.

सप्टेंबरात निघाले. फ्रान्स, स्पेन, खाली पोर्तुगाल, मग इटली, मग डोंगर ओलांडून घराकडे. पहिल्या आठवड्यातच डेटलेफच्या लक्षात आलं, विबके नकाशा बघतच नाही. इथून डावीकडे वळ, म्हणायची. त्या कोपऱ्यावर चांगला पाव मिळतो, म्हणायची. सगळे रस्ते तिला पाठ. आर्नेबरोबर ती याच वाटेने गेली होती.

स्पेनमध्ये एका मुक्कामाच्या जागेच्या मालकाने तिला मिठी मारली, डेटलेफचा हात हलवला आणि म्हणाला, "या आर्नेसाहेब, किती दिवसांनी!" डेटलेफ विबकेकडे बघत राहिला. ती हसली. मालकाला काही सांगितलं नाही.

"मग तूच का नाही सांगितलंस, असं त्याला विचारलं नाहीत तुम्ही?" लासेने मध्येच तोंड घातलं.

विचारलं रे. म्हणाला, ती सांगेल म्हणून थांबलो.

पुढे डोंगरात एका रात्री बर्फ पडलं. व्हॅनच्या वरच्या कपाटात तिसरी दुलई होती, हिरव्या चौकड्यांची. डेटलेफने ती मागितली. विबके म्हणाली, "ती राहू दे." आणि स्वतःची दुलई त्याच्या अंगावर घालून ती कोट घालून झोपली. डेटलेफ मला म्हणाला, हिनर्क, त्या रात्री मला थंडी वाजली नाही. आत जाळ होता.

तर शनिवारी संध्याकाळी ल्युबेक आलं. तिथून गाव तासाभरावर. पण विबके म्हणाली, आज इथेच राहू. नदीच्या काठी, मिठाच्या जुन्या वखारींसमोर, तिने जागासुद्धा दाखवली. इथे नको, थोडं पुढे. हां, इथेच. मग दोघं जेवायला गेले. तळलेला मासा, बिअर. डेटलेफने तिला बदामाच्या मिठाईचा पुडा घेऊन दिला. तिने तो न उघडता खिशात ठेवला.

त्याने विचारलं, घर एवढं जवळ असताना इथे का?

तिने काट्याने मासा बाजूला सारला. म्हणाली, "आर्नेची ही एक रात्र राहिली होती."

मग सांगितलं. त्या प्रवासाच्या शेवटच्या दिवशी ती आणि आर्ने याच जागी थांबले होते. संध्याकाळी आर्ने जरा आडवा होतो म्हणाला. पहाटे तिने हाक मारली तर ओ नाही. डेटलेफला वाटायचं, आर्ने दवाखान्यात वारला. नाही. व्हॅनमध्येच.

"मग खिडकी उघडलीस ना?" डेटलेफने विचारलं. आपल्याकडे पहिलं तेच करतात, तुम्हाला ठाऊक आहे. जीव बाहेर जायला वाट हवी.

"पाऊस होता," विबके म्हणाली. मग म्हणाली, "उघडली असती तर गेला असता."

डेटलेफने ग्लास खाली ठेवला. "मग हे अडीच महिने मी कुणाच्या प्रवासात होतो, विबके?"

मग त्याने विचारलं, उद्या येतेस ना घरी? ती म्हणाली, आजची रात्र होऊ दे.

रात्री मेरीच्या देवळात तीनचे टोले पडले, तेव्हा त्याला जाग आली. खूप गार पडलं होतं. विबके त्याच्याकडे पाठ करून झोपलेली. दिव्याचा थोडा उजेड पडद्यातून येत होता.

तिच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, हिरव्या चौकड्या.

दुलई कपाटात होती. झोपताना त्याने पाहिलं होतं. आता ती तिथे होती... आणि वर-खाली होत होती. हळू. विबकेचा श्वास वेगळा. हा वेगळा.

डेटलेफ म्हणाला, हिनर्क, आधी मला भीती वाटलीच नाही. राग आला. तिची पाठ माझ्याकडे होती ना... तोंड तिकडे होतं.

त्याने तिच्यावरून हात नेला. कडी काढली. खिडकी ढकलली.

"उतर," तो म्हणाला. "बस झालं आता."

श्वास थांबला. बाहेरचा वाराही...

"आला," लासे पुटपुटला. "आजोबांच्या गोष्टीत वारा बंद पडल्याशिवाय भूतच येत नाही."

हस बाबा. मी तिथे नव्हतो. डेटलेफ म्हणाला, वारा नव्हता. तरी पडदा उचलला गेला. बाहेर. कुणीतरी ओढावा तसा. आणि दुलई खाली बसली... सावकाश... सपाट झाली.

मग काहीच नाही. नदी.

त्याला वाटलं, जिंकलो. म्हणाला, "विबके, गेला तो. आता घरी जाऊ."

तिचे डोळे उघडे होते. ती केव्हाची जागी होती.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

उठली. बूट घातले. कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, एकेक. दार सरकवलं आणि उतरली. डेटलेफ पहाटेपर्यंत नदीकाठी तिला हाका मारत फिरला.

नाही गं फिन्या, तिने जिवाचं काही केलं नाही. विस्मारला बहिणीकडे गेली. अजून आहे. बाजारात भेटली की माझी चौकशी करते. त्याची करत नाही.

तर ती सकाळ. व्हॅन माझ्यासमोर थांबली. डेटलेफ एकटाच. मी म्हटलं, खिडकी तरी लाव, गोठशील. तो म्हणाला, उघडीच राहू दे. आणि तिथेच, रस्त्यात उभं राहून, त्याने मला हे सगळं सांगितलं. मग दार सरकवून म्हणाला, "तू आत जा. तू हात लावून बघ. माझी हिंमत होत नाही."

मी आत गेलो. अंथरुणावर दहिवर पडलं होतं. उशी गार, लाकूड गार, माझा श्वास धुरासारखा दिसत होता. भिंतीकडे ती हिरवी दुलई सपाट पडली होती. मी तिच्याखाली हात घातला.

ऊब होती... झोपलेल्या माणसाची असते तशी.

"गार आहे ना?" डेटलेफने बाहेरून विचारलं. "हिनर्क? गेलाय ना तो?"

मला हो म्हणायचं होतं, पोरांनो. मी तोंड उघडलंही. पण हात काही मला बाहेर काढवेना.

तो दारात आला. माझ्या तोंडाकडे बघितलं. किल्ली खाली पायरीवर ठेवली, टोपी सारखी केली, आणि त्याच्या घरावरून पुढे, समुद्राच्या बाजूला चालत गेला.