अहवालातलं शून्य

"माझा नवरा किरणांनी भाजून मेला, आणि साहेब म्हणतात त्याला किरण लागलेच नाहीत!"

घाटकोपरच्या मंजुळानं गाठोडं टेबलावर सोडलं. आत महादूचा कामावरचा शर्ट होता. पंच्याऐंशीच्या गुढीपाडव्याला, बावीस मार्चला, सरकारी अणुकेंद्रातून त्याला परस्पर इस्पितळात नेलं, तेव्हा अंगावरून उतरवलेला. तिनं तो धुतलाही नव्हता. खिशाला डबीएवढं काहीतरी अडकवलं होतं, त्यावर सत्तेचाळीस आकडा. कामावरचा पास असेल, असं अनंतला वाटलं.

त्याची भागीदार, खाजगी गुप्तहेर नंदा प्रधान, केंद्राचा अहवाल वाचत होती. कामगाराच्या बिल्ल्यात फिल्म असते, किरण लागले की ती काळवंडते. महादूची मार्चची फिल्म कोरी निघाली होती. किरणांची मात्रा शून्य.

गोवंडीत केंद्रातल्या कामगारांचा मुकादम भिकाजी म्हणाला, "पोरंच बिल्ला काढून खुंटीला लावतात, बाई. मात्रा भरली की काम बंद, मग खाणार काय? महादूनंही तेच केलं असणार."

अनंतला ते पटलं.

केंद्राच्या मुलुंडच्या कचेरीत सुरक्षा अधिकारी दत्ताराम नेरूरकर गुरगुरले, "एकतीस मार्चला प्रत्येक बिल्ला मी स्वतः गोळा केला. सत्तेचाळीससुद्धा!"

"आणि कोऱ्या फिल्म?" नंदानं विचारलं.

"कपाटात. किल्ली फक्त माझ्याकडे."

दोन दिवसांनी नंदानं तिथंच सरकारी तपासणी समितीच्या गुप्तेंना बोलावलं आणि मंजुळासमोर शर्ट उलगडून खिशावरच्या डबीवर बोट ठेवलं.

"बिल्ला काढला असता तर खुंटीवर राहिला असता. हा तर शर्टावरच इस्पितळात गेला आणि पाडव्यापासून मंजुळाबाईंच्या घरात आहे. मग नेरूरकर, एकतीस तारखेला तुम्ही सत्तेचाळीस नंबर कुठून गोळा केलात? प्रयोगशाळेत गेली ती कोरी फिल्म. किल्ली एकाच माणसाकडे होती."

अनंतनं कपाळावर हात मारला.

नेरूरकर खुर्चीत खचले. "आकडा दिसला असता तर अणुभट्टीची दुरुस्ती थांबली असती. वरून रोज फोन येत होते..."

गुप्तेंनी बिल्ल्यातली फिल्म धुऊन घेतली. काळीकुट्ट निघाली.

"तुमचं सगळं खरं आहे," ते मान खाली घालून म्हणाले. "पण केंद्र ज्या खात्याचं, समितीही त्याच खात्याची. माझा अहवाल त्याच साहेबांकडे जाणार."

"म्हणजे चोराची फिर्याद चोराच्याच दारात?" मंजुळानं विचारलं.

गुप्तेंनी फिल्म पाकिटात घातली.

दिवाळीच्या सुमारास कळलं, अहवालावर 'गोपनीय' शिक्का पडला. नेरूरकरांची बदली झाली, तपासणी समितीवर.

ते सांगायला नंदा स्वतः मंजुळाकडे गेली. अनंत गल्लीच्या तोंडाशीच थांबला. त्याला पुढे जायचा धीर झाला नाही.