मधुसूदनचा डावा हात

एका हातानं सदरा पिळता येत नाही. पण हे त्या माणसाला सांगणार कोण? कॉलनीतल्या नळावर तो ओल्या सदऱ्याचं एक टोक गुडघ्यांत दाबून दुसरं पिरगाळत होता आणि सगळं पाणी स्वतःच्याच लेंग्यावर गाळत होता. डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. मला राहवलं नाही.

"लाओ भैया, इधर दो," म्हणत मी टोक ओढून घेतलं.

त्यानं वर पाहिलं. असं पाहिलं, की... जाऊ दे.

"पिळा हवं तितकं," तो चक्क मराठीत म्हणाला, "पण भैया तेवढं म्हणू नका."

झाशीत वाढलेल्या मुलीच्या तोंडात भैया बसलेलाच असतो, हो. नळवाला भैया, टांगेवाला भैया. पण ह्या एका माणसाला मी पुन्हा तसं म्हटलं नाही.

मधुसूदन रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. चाक उचलताना साखळी निसटली आणि हात खाली सापडला. कामावर इजा झालेली, तेव्हा कायद्यानं त्याला भरपाई मिळायची होती आणि हातोड्याऐवजी बसून करायचं हलकं काम. तीन बोटं आता कधीच मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. साहेबांची सही तेवढी राहिली होती.

आणि मी? मी रोज संध्याकाळी घागर घेऊन नळावर जायला लागले. आमच्या नळाला संध्याकाळी थेंबभर पाणी येत नाही. तो रिकामी घागर डाव्या कोपरात अडकवून माझ्याबरोबर वळणापर्यंत चालायचा. कडुनिंब मोहरलेला असायचा, यार्डातून इंजिनाचा धूर यायचा, आणि मला घर आणखी लांब हवं होतं.

"जड आहे का हो?" मी विचारायची.

"फारच. सवय व्हायला आणखी एक फेरी मारावी लागेल."

प्रेम नगरच्या कुसुमावतीकाकूंनी आम्हाला पाहिलं आणि घोळ झाला. लग्नं जमवणं हा काकूंचा आवडता उद्योग. आमच्या नळाची वेळ त्यांना कुठून माहीत असणार? पण आमच्या मनातलं त्यांनी बरोबर ओळखलं. आता अधू हाताचा मुलगा बाबांना कसा पटायचा! तेव्हा चैत्राच्या हळदीकुंकवाला, कैरीची डाळ खाता खाता, त्यांनी चारचौघींत जाहीर केलं, "हात ठणठणीत झालाय त्याचा. भरलेल्या घागरी वाहतो, मी पाहिलंय ना."

बाबांच्या कानावर जावं, एवढाच त्यांचा हेतू. ते गेलंच. माझे बाबा गोविंदराव त्याच कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. मुलीसाठी आपल्याच कारखान्यातलं स्थळ म्हणून ते इतके खूश झाले, की कौतुकानं साहेबांनाच सांगून बसले, पोराचा हात बरा झाला म्हणून! साहेबांनी सही थांबवली आणि चौकशी लावली. हात बरा निघाला तर भरपाई नाही आणि पुन्हा हातोड्यावर हजर व्हायचं.

"मी बरा आहे म्हणून सांगणार," मधुसूदन त्या संध्याकाळी म्हणाला.

"वेड लागलंय? दोन हातांचा हातोडा धरणार कशानं?"

"बघू. पण तुझे बाबा तरी हो म्हणतील..."

पहिल्यांदा तो मला तू म्हणाला होता, आणि मला भांडायचं होतं. "महिनाभरात नोकरी जाईल. क्वार्टर जाईल. झाशी सोडून निघून जाल तुम्ही. मग त्या होकाराचं मी काय लोणचं घालू?"

त्यानं घागर कोपरात अडकवली आणि चालायला लागला. हट्टी माणूस.

चौकशीला घागरवाली म्हणून मलाही बोलावलं. टेबलामागं साहेब, बाजूला जबानी उतरवून घ्यायला बाबा. मधुसूदननं हात खिशात घातला आणि म्हणाला, "ठीक है, साहब."

खरं सांगावं, तर बाबांचा होकार जाणार. गप्प राहावं, तर हाच जाणार.

"ठीक नहीं है," मी म्हटलं. "गगरी खाली रहती थी, साहब. शाम को नल आता ही नहीं."

साहेबांनी चष्मा काढला. "तो रोज़ किसलिए जाती थीं?"

"इनसे मिलने."

बाबांचा टाक थांबला. मी तशीच पुढं बोलत राहिले. "तीन उँगलियाँ नहीं मुड़तीं. कभी मुड़ेंगी भी नहीं." सांगत होते साहेबांना, पण बघत होते बाबांकडे, आणि डोळे भरून आले होते.

"गवाह का रिश्ता भी लिखना पड़ेगा," साहेब हळूच म्हणाले. "तुम इसकी कौन लगती हो, बेटी?"

काय सांगणार? नुसत्या फेऱ्या मारल्या होत्या आम्ही. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

बाबांनी टाक दौतीत बुडवला.

"लिख रहा हूँ, साहब," ते म्हणाले. "होनेवाली पत्नी."

मग मधुसूदनकडे वळून, घरात बोलतात तसं मराठीत, "आता नीट सांगा. घरच्या माणसापुढं कसली लाज? मिटतो का हात?"

मधुसूदननं हात खिशातून काढून टेबलावर ठेवला.

"नाही मिटत... बाबा."