न फाटलेली पट्टी

तांब्याची चौसष्ट. चांदीची अडतीस. पोर्तुगीज दहा. एकूण एकशे बारा.

हेमांगीने तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तोच आला. एकही नाणं कमी नव्हतं. पण चांदीच्या अडतिसांतलं एक खोटं होतं, आणि ते हेमांगीनेच बदललं असं खोलीतल्या एका माणसाचं ठाम मत होतं.

तो माणूस दारापाशी खुर्ची टाकून बसला होता. दाराला कडी होती. हेमांगीचा फोन त्याच्या खिशात होता.

"मोज, मोज," जयराम केनी म्हणाले. "आकडा बरोबरच येनार. म्हनून तर त्या जागी खोटं नानं ठेवलंस ना?"

माणिकपूरमधल्या या फ्लॅटचे मालक आत्माराम केनी, जयरामचे थोरले भाऊ, सोफ्यावर मान खाली घालून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी नाणी जमवली. हेमांगी खालच्या मजल्यावर राहायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर नाण्यांची यादी ठेवायचं काम काकांनी तिच्यावर सोपवलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी केनी कुटुंब नाशिकला, मुलगी स्वप्नाकडे निघालं, तेव्हा घरात एकच वाद होता. पेटी न्यायची की ठेवायची? मुलगा दीपेश म्हणाला, कपाटात राहू दे. सून विनिता म्हणाली, बँकेत लॉकर घ्या. पण लॉकर रिकामा नव्हता. हेमांगी म्हणाली, "नेऊ नका, काका. घरात चोरी झाली तर शोधायला एक जागा असते. प्रवासात पन्नास होतात." उलट सांगणारा फोन फक्त गावाकडून, जूचंद्रहून, जयरामकाकांचा आला, "बंद घरात कशाला ठेवतोस, दादा? बरोबर घे. वाटेत आमच्याकडं जेवा, देवीचं दर्शन घ्या आनि पुढं जा."

काकांनी पेटी नेली. निघण्याआधी हेमांगीने नाणी मोजून यादी केली आणि झाकणापासून खालपर्यंत कागदाची एक पट्टी चिकटवली. झाकणाच्या फटीवर बरोबर तिची सही आली. मग विनिताने पेटी चकलीच्या मोठ्या डब्यात बसवली, वर वर्तमानपत्र आणि वर दोन थर चकल्या.

आज सकाळी काकांनी सगळ्यांसमोर ब्लेडने ती पट्टी फटीवर कापली. सही अखंड होती. पट्टीला चुरगळासुद्धा नव्हता. काकांनी आपला लाडका, एकोणीसशे एकोणचाळीसचा चांदीचा रुपया काढला, बोटाच्या टोकावर धरला आणि नखाने टिचकी मारली.

चांदीचा कलदार खणखणतो. हा नुसता 'टक' म्हणाला.

तिथून सगळं सरळ होतं. पट्टी फाटली नाही, म्हणजे पेटी उघडली नाही. म्हणजे रुपया पट्टी लावण्याआधीच बदलला. त्याआधी पेटी कोणाच्या हातात होती? काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. हेमांगीने त्या दिवशी वजनं केली नव्हती, गाडी खाली हॉर्न मारत होती. फोटोही नव्हते, फोटो फिरतात म्हणून काकांना ते नकोच असायचे. स्वतःच्या सहीनेच तिला कोंडलं होतं.

टेबलावर पाकीट पडलं होतं. सकाळी फोनवर कळल्यावर जयरामकाका जूचंद्रहून येतानाच तक्रार लिहून, पाकीट बंद करून घेऊन आले होते. पाच वाजता पोलीस ठाण्यात द्यायची.

"मला सोमवारी औषध कंपनीच्या लॅबमध्ये रुजू व्हायचंय," हेमांगी म्हणाली. "ते पोलिसांचा दाखला मागतात. ही तक्रार गेली की ती नोकरी गेली. नंतर मी निर्दोष सुटले तरी."

"मग रुपया दे. तक्रार फाडतो."

"माझ्याकडे नाहीये, काका."

"मंग मी काय करू?"

चार वाजायला दहा मिनिटं होती. हेमांगीने आत्मारामकाकांकडे पाहिलं. "मला पेटी बघू दे. आणि थोडं विचारू दे. पाच वाजेपर्यंत."

"तिला काय विचारायचं ते विचारू दे, जयराम," काका खालच्या आवाजात म्हणाले. "पोरगी माझ्या मांडीवर बसून नाणी बघायची."

"वहिनी, पट्टी कशाने चिकटवली होती?" हेमांगीने विचारलं.

विनिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "खळीने. घरात डिंक नव्हता, म्हणून मीच मैदा चाळून खळ केली. तुझ्यासमोर."

"तेव्हा घरात कोण होतं?"

"तू, बाबा, मी. दीपेश आमच्या छोट्या आयुषला घेऊन खाली गाडीत सामान भरत होता."

"मग पेटी कुठे कुठे गेली?"

"जूचंद्रला दीड तास. तिथून थेट नाशिक. तिकडे स्वप्नाताईंच्या कपाटात, आणि काल रात्री परत."

"जूचंद्रला डबा गाडीत होता?"

"नाही गं. जयरामकाका म्हणाले, उन्हात कशाला, आत आणा. जेवलो आणि आम्ही चौघं देवळात गेलो."

"काका?"

"माझा गुडघा," जयरामकाका म्हणाले. "देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत मला. हे काय विचारनं झालं? पट्टी फाटली नाही ना? संपलं."

खळ पाण्याने सुटते. बॉलपेनची शाई पाण्याने पसरत नाही. ओल्या फडक्याने पट्टीचा खालचा भाग सोडवला, तर झाकण उघडतं आणि सही शाबूत राहते. पण परत चिकटवायला काहीतरी लागतं. खळ होती हे बाहेरच्या माणसाला माहीत नसणार. तो बाटलीतला गोंद घेईल. गोंदात पीठ नसतं.

"वहिनी, बेटाडीन आहे?"

"लागलं का तुला?"

"नाही. आयोडिन हवंय."

पेटीवर पट्टीचे दोन तुकडे होते, वरचा झाकणावर, खालचा पेटीवर. हेमांगीने दोन्हींच्या कडा नखाने उचलल्या आणि आत एकेक तपकिरी थेंब सोडला. पिठाला आयोडिन लागलं की ते निळंकाळं होतं. खालचा तुकडा तपकिरीच राहिला, तर ती सुटली.

वरचा निळाकाळा झाला.

मग खालचाही झाला.

"काय झालं?" आत्मारामकाकांनी विचारलं.

"दोन्हीकडे पीठच आहे," ती म्हणाली.

जयरामकाका हसले. "बघ दादा. हिच्या कॉलेजनंच हिला पकडलं."

सव्वाचार. खिडकीला जाळी, दाराला कडी. हेमांगीने काकांचं नाणी बघायचं भिंग घेतलं, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने दोन्ही तुकडे पूर्ण सोलले आणि उलटे ठेवले.

वरच्या तुकड्यावर निळा रंग सारखा होता, पातळ सायीसारखा. खालच्यावर तो ठिपक्याठिपक्यांचा होता. प्रत्येक ठिपका म्हणजे चिरडलेला दाणा. आणि दाण्यांच्या कडेला बारीक, तांबूस साल.

तिने भिंग आणखी जवळ नेलं.

"वहिनी, घरात तांदूळ कोणता असतो?"

"कोलम. का?"

"लाल?"

"छे. जयरामकाका दरवर्षी खाडीकाठच्या शेतातला पाठवतात, पण आयुष तोंड लावत नाही त्याला. यंदाचं पोतं तसंच खालच्या वॉचमनला दिलं. स्वप्नाताई तर पोळ्याच खातात, भात रविवारी. तोही पांढरा."

"आनि जूचंद्रला काय जेवलो आपन?" हा प्रश्न आत्मारामकाकांनी विचारला. तोंडातून गावची बोली आली, ते त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनीच उत्तर दिलं. "लाल भात. आनि निवट्या माशांचं कालवन."

हेमांगीने टेबलावरचं तक्रारीचं पाकीट उचललं.

"ते ठेव खाली!" जयरामकाका उठले.

"बस, जयराम," आत्मारामकाका म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

हेमांगीने पाकिटाची जीभ हळूच सोडवली. आत चार चिरडलेली शितं होती. तांबूस.

"जयरामकाका, तुम्ही पाकीट कशाने चिकटवता?"

"शितानं. बाबा पन शितानंच चिकटवायचे. त्यात काय गुन्हा?"

"काहीच नाही. सवय आहे. हात आपोआप भाताच्या टोपाकडे जातो." तिने तुकडा आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवले. "पेटी न्या, असं फक्त तुम्ही म्हणालात. डबा घरात तुम्ही घ्यायला लावलात. देवळात तुम्ही गेला नाहीत. सगळे पायऱ्या चढत होते तेव्हा तुम्ही चकल्या बाजूला काढल्या, पट्टीचं खालचं अर्धं ओल्या फडक्याने सोडवलं, झाकण उघडलं. परत चिकटवायला ताटातली शितं घेतली. मी मैद्याची खळ लावली होती. मैद्याला साल नसते. हे दाणे कागदाच्या वर नाहीत, खाली आहेत. पेटी तुमच्या घरात उघडली. माझ्या हातून गेल्यावर."

खाली रिक्षावाले कोणावर तरी ओरडत होते.

"उघडली," जयरामकाका शेवटी म्हणाले. "बघायला उघडली. बाबांचं नानं एकदा हातात घ्यावंसं वाटलं. घेतलं नि ठेवलं. आत आधीच खोटं असलं तर? मी वाजवून नाही बघितलं."

हेमांगीच्या लक्षात आलं की ती अजून सुटलेली नाही. पेटी कोणी उघडली हे सिद्ध झालं होतं. रुपया कोणी बदलला हे नाही.

"बाबांचं नाणं?" तिने विचारलं.

उत्तर आत्मारामकाकांनी दिलं. "तो रुपया जूचंद्रच्या देव्हाऱ्यातला. बाबा गेले त्या वर्षी मी घेतला. दर लक्ष्मीपूजनाला आणीन म्हणालो होतो. तीन वर्षं आणलाही. पण हळदकुंकू लावतात, घासतात, नाणं झिजतं. मग नाही आणला." ते थांबले. "बावीस वर्षं झाली. दीपेशला हाक मार, विनिता. गाडी काढ म्हणावं."

जयरामकाकांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला आणि स्वतःच कडी काढली.

जूचंद्रच्या घरात देव्हारा ओटीवरच होता. देवीच्या तसबिरीखाली तांबडं फडकं, फडक्यावर एक रुपया. हळदीने पिवळा, कुंकवाने लाल, वर्षही वाचता येत नव्हतं.

"हा?" आत्मारामकाकांनी विचारलं.

"जत्रेतला," जयरामकाका म्हणाले. ते देवीकडे बघत नव्हते. "पूजेला खोटे कलदार मिळतात. तसला."

"वाजवून बघू?" दीपेश म्हणाला.

"देवापुढचं नानं वाजवत नाहीत."

"वाजवायची गरज नाही," हेमांगी म्हणाली. "फक्त पाण्यात धुवायचं आणि पाण्यातच धरायचं. चालेल, काका?"

जयरामकाकांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते कळलं नाही. पण त्यांनी अडवलं नाही.

तिने सॅकमधून छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काढला. विनिताने पेलाभर पाणी आणलं. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य केला. "नाणं दोऱ्याने पाण्यात टांगायचं, तळाला लागू द्यायचं नाही," ती म्हणाली. "काटा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागायचं. रुपया खऱ्या चांदीचा असेल तर दहाच्या वर येतं. जत्रेतल्या मिश्रधातूचा असेल तर नऊच्या खाली."

आधी पेटीतला रुपया. कोरडा, अकरा पूर्णांक बावन्न ग्रॅम. पाण्यात, एक पूर्णांक एकोणतीस. भागाकार आठ पूर्णांक त्र्याण्णव.

मग देव्हाऱ्यातला. हळद पाण्यात उतरली, कुंकू उतरलं, आणि वर्ष दिसलं, एकोणीसशे एकोणचाळीस. तिने तो पुसून कोरडा केला आणि काट्यावर ठेवला. अकरा पूर्णांक अठ्ठावन्न. पेल्यात नवं पाणी घेतलं, आकडा शून्य केला. दोऱ्याला गाठ मारली. जयरामकाका भिंतीला पाठ लावून खाली बसले.

नाणं पाण्यात गेलं. काटा हलला, स्थिर झाला. एक पूर्णांक बारा.

हेमांगीने भागाकार दोनदा केला आणि मोठ्याने वाचला.

दहा पूर्णांक चौतीस.